सुमनवहिनींचा भोपळा

सकाळी दाराची घंटा वाजली की आमची ही स्वयंपाकघरातूनच सांगते, "जा, भोपळा आला." दारात शेजारच्या सुमनवहिनी उभ्या असतात आणि त्यांच्या कडेवर भोपळा. खरोखर कडेवर, लेकरू घ्यावं तसा. "भाऊजी, पहला चीरा लावून द्या ना. बस, दो मिनट!"

आमच्या उज्जैनला अख्ख्या भोपळ्याला बाईनं आधी सुरी लावायची नाही असा नेम आहे. भोपळा म्हणजे घरातला मोठा मुलगा. आधी पुरुषानं चीर पाडायची, मग बाईनं हवं ते करावं. वहिनींचे यजमान वारले, एकुलता एक निखिल बेंगळुरूला. तेव्हा फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीत हा मान माझ्याकडे आला. अर्ध्या गालाला साबण लावून मी पायरीवर भोपळे चिरलेत आणि शाळेच्या रिक्षातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. वहिनींना मात्र लाज हा प्रकार ठाऊकच नाही.

जन्मभर त्यांनी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर भाचीच्या लग्नात सॅलड सजवणारा आलाच नाही, तेव्हा वहिनींनी लाकूड कोरायच्या पटाशा आणून भोपळ्यावर मोर काढला. केटररनं तिथंच त्यांचे पाय धरले. तेव्हापासून लग्नसराईत वहिनी घरी सापडतील तर शपथ. महाकालची पालखी म्हणू नका, राम घाटावरचे दिवे म्हणू नका, सगळं भोपळ्यावर. बाजारात एकेक भोपळा थोपटून, कान लावून बघतात. भाजीवाला करवादतो, "माताजी, कद्दू लेना है कि दामाद पसंद करना है?" कोरून काढलेल्या गराचे घारगे होतात आणि ते गल्लीला खावे लागतात.

निखिलला हे मुळीच आवडत नाही. "आई, लोकांच्या लग्नात केटररच्या माणसांत बसतेस, बरं दिसतं का?"

तरी त्याच्या लग्नाच्या स्वागतसमारंभासाठी वहिनींनी खपून भोपळ्यावर अख्खी वरात कोरली. घोड्यावरच्या नवऱ्याचं नाक हुबेहूब निखिलचं. पैठणी नेसून त्या भोपळ्याजवळच घुटमळत होत्या. नवरीकडचे इंदूरचे पाहुणे बघतच राहिले. सासऱ्यांनी विचारलं, "वाह! किसने बनाया, निखिलजी?"

निखिलनं आईकडे पाहिलं नाही. "केटरर का आदमी है कोई."

वहिनींच्या बोटाला पटाशी लागून पट्टी बांधलेली होती. ते बोट त्यांनी पदराआड घेतलं आणि हसून म्हणाल्या, "हाथ में सफाई है बंदे के."

मी शेजारीच ताट घेऊन उभा होतो. निखिलची लाज वाटली आणि खाली बघून रायतं ढवळत राहिलो याची त्याहून जास्त.

पाहुणे पांगले, निखिल बायकोला घेऊन बेंगळुरूला गेला आणि सकाळी पुन्हा घंटा वाजली. कडेवर भोपळा. "भाऊजी, पहला चीरा!"

माझ्यानं राहवलं नाही. "वहिनी, आता तुम्हीच घाला सुरी. कसला मोठा मुलगा नि कसलं काय!"

त्यांनी भोपळा आणखी जवळ घेतला. "असं काय बोलता भाऊजी? मुलगा आहे, चुकतो. म्हणून आईनं सुरी धरायची का?"

मी सुरी घेतली आणि चीर पाडली. ती चांगलीच वाकडी गेली.

"राहू द्या हो," वहिनी म्हणाल्या. "तिथं मी मोराची मान काढते. कुणाला कळणार नाही."