कलम तीन: मोकाट म्हणजे कोण?

"गुरांचा नियम ना? चहा थंड व्हायच्या आत मसुदा तुमच्या हातात," ग्रामसेवक विनीत तांबे यांनी सरपंचांना छातीठोकपणे सांगितलं.

संगमेश्वरजवळच्या त्या गावात मोकाट गुरांनी सखूकाकूचा पावटा दोनदा साफ केला होता आणि काकू रोज ग्रामपंचायतीच्या पायरीवर येऊन बसायची. तालुक्याहून पत्र आलं होतं, मसुद्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी, मात्र मसुदा नीट वाचून घ्यावा. विनीतने पत्राचा पहिला अर्धा भाग पाळला. मोबाइलमधून चौदा पानं निघाली. भाषा इतकी भारदस्त, की ग्रामसभेने दुसऱ्या पानावरच हात वर करून सुटका करून घेतली.

काकूने मात्र नातीकडून सगळं वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला, दादूकाकांना, मनगटाला धरून कोंडवाड्यावर घेऊन आली.

"भाऊसाहेब, ह्यांना आत घ्या बघू."

"काकू, कोंडवाडा गुरांसाठी आहे."

"कलम तीन वाचा. मोकाट म्हणजे कामाविना सार्वजनिक जागी फिरणारा वा बसणारा कोणताही सजीव. हे सकाळपासून एसटीच्या थांब्यावर बसलेत. गुरं असं लिहिलंय कुठे?"

विनीतने पानं पालथी घातली. गुरं शीर्षकात होती, तिथून पुढे सरकलीच नव्हती.

बातमी वाडीवाडीत गेली. दुपारपर्यंत कोंडवाड्यात अकरा नवरे आणि दोन माजी सरपंच जमा झाले. गाय एकही नव्हती. आत पत्त्यांचा डाव रंगला. कलम आठप्रमाणे चारापाणी ग्रामपंचायतीकडे होतं, म्हणून दादूकाकांनी चहा आणि भजी मागवली.

तेवढ्यात गुरं तिसऱ्यांदा पावट्यात शिरली. हाकलणारे सगळे गडी आत. शेवटी विनीतच काठी घेऊन धावला. तासभर धावपळ करून त्याने पावटा वाचवला आणि दम खायला रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर टेकला.

"भाऊसाहेब, बसलात होय?" मागून काकूचा आवाज आला. सोबत चार बायका होत्या.

कोंडवाड्यातून त्याने बायकोला फोन लावला. "दर्शना, मालकाने येऊन लेखी हमी दिल्याशिवाय सोडत नाहीत. सात दिवसांत कोणी आलं नाही तर लिलाव आहे. लगेच निघ."



"सात दिवस आहेत ना," दर्शना म्हणाली, "मग येते निवांत."