खाणाऱ्याची सही

"नियम पाठ असले की आपलं कुणी काही वाकडं करू शकत नाही!" कलमकाका हे छातीठोकपणे सांगत. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत अर्ज तपासले होते त्यांनी. ओठांवर कायम कुठलं तरी कलम, म्हणून हे नाव!

परसात त्यांच्या दोन कोंबड्या होत्या आणि गिऱ्हाईक एकच. कोपऱ्यावरच्या घरातल्या निवृत्त सिस्टर. दर गुरुवारी पाच वाजता त्या चार अंडी न्यायला यायच्या आणि फाटकापाशी दहा मिनिटं बोलायच्या. काका बुधवारपासूनच भांग पाडायला घेत! "आत या, चहा घेऊ," हे एक वाक्य दीड वर्ष त्यांच्या घशात अडकलं होतं.

अशात नगरपालिकेचा नवा नियम आला. घरची अंडी दारातच विकायची, आणि तीही स्वतः खाणाऱ्यालाच. काकांच्या अंगात उत्साह संचारला! रातोरात फॉर्म तयार. गुरुवारी त्यांनी पेन पुढे केलं.

"काय आहे हे?"

"काही नाही हो. 'ही अंडी मी स्वतः खाईन', एवढंच लिहिलंय. खाली तुमची सही."

सिस्टरांनी फॉर्म दोनदा वाचला. पेन परत दिलं. अंडी न घेताच निघून गेल्या!

पुढचा गुरुवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. अंड्यांतच खोट असणार, काकांनी ठरवलं. पातेल्यात पाणी घेऊन एकेक सोडलं. सगळी शहाण्यासारखी तळाशी आडवी. म्हणजे ताजी! मग त्यांनी कोंबड्यांनाच फैलावर घेतलं. "तुम्ही काही बोललात का त्यांना?" पाच वाजले की फाटकाची कडी वाजल्याचा भास व्हायचा, आणि बाहेर बघावं तर वारा.

तिसऱ्या गुरुवारी कडी खरंच वाजली. काका हातातली कोंबडी काखेत मारून एका उडीत फाटकाशी! समोर नगरपालिकेचा निरीक्षक. काकांनी अभिमानानं फॉर्म पुढे केला.

"गिऱ्हाईक एक, आणि फॉर्मवर सही नाही? चला, त्यांनाच विचारू."

गडबडीत काका काखेतल्या कोंबडीसकट निघाले.

सिस्टरांनी दार उघडलं. "सही कशी करू? मला अंड्याचा वाससुद्धा सोसत नाही!"

"मग अंडी जातात कुठं?" निरीक्षक.

"शेजारच्या शिंपिणीला देते. तिची मुलं खातात."

"अहो, नव्या नियमात हे बसत नाही! पण मग घेत कशाला होता?"

सिस्टर काकांच्या कोंबडीकडे बघत म्हणाल्या, "दहा मिनिटं बोलणं व्हायचं."

काकांचे कान तापले. निरीक्षकानं वही मिटली. "अंडी बंद. बोलण्याला नियम नाही," असं म्हणून तो गेला.

"मग आता," सिस्टर हळूच म्हणाल्या, "अंडी नाहीत, तर गुरुवारी यायचं काय म्हणून?"

हीच ती वेळ! दीड वर्ष घशात अडकलेलं वाक्य सरसरत वर आलं, ओठांपर्यंत पोचलं. पण तिथं बत्तीस वर्षांची सवय ठाण मांडून बसली होती.

"अर्ज करा," काका म्हणाले.

दार बंद झालं. आतून हसू ऐकू आलं, की खोकला, हे काकांना अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून ते दिवसातून चारदा पत्रपेटी उघडून बघतात. गुरुवारी पाचदा.