अप्पांची अधिकृत विश्रांती

दिवसभर संगणकाच्या पडद्याकडे पाहिल्याने कर्मचाऱ्यांची संध्याकाळची विश्रांती बिघडते, ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. ती निदर्शनास आणून देणारे सादरीकरण अर्थातच पडद्यावर झाले. त्यानंतर परिपत्रक निघाले: प्रत्येकाने रोज संध्याकाळी सक्तीने निवांत बसावे आणि बसल्याचा पुरावा ‘सायंविश्राम’ ॲपवर चढवावा.

परंड्याकडच्या वाशीतल्या एका कार्यालयात लिपिक असलेल्या शिवकांताला हे वाचून आनंद झाला. घरी ती आणि तिचे वडील महालिंगप्पा, एवढीच माणसे. दिवेलागणीला ओट्यावर बसायचे, शेंगा फोडायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल मोकळेपणाने वाईट बोलायचे, हा बापलेकीचा जुना रिवाज. पण दिवसभराची सवय हल्ली संध्याकाळीही सुटत नसे. अप्पा बोलत आणि तिचा अंगठा आपोआप मोबाइलवर सरकत राही.

“अप्पा, तुमच्याजवळ बसायचा आता हुकूमच निघालाय,” ती म्हणाली.

“मग ऐक की,” अप्पा खूश झाले. “त्या शरणप्पानं मिशीला कलप लावलाय. नुस्तं डांबर दिसायलंय.”

“एक मिनिट, अप्पा. आधी हजेरी.”

ॲपला ओळख पटवण्यासाठी डोळे उघडे हवे होते आणि विश्रांती पटवण्यासाठी मिटलेले. दोन्ही एकाच फोटोत. शिवकांताने एक डोळा मिटून पाहिला, तेव्हा ‘आक्षेपार्ह हावभाव’ असा शेरा येऊन तिच्याकडून खुलासा मागवण्यात आला. तो तिने ओट्यावर बसूनच टाइप केला. तेवढ्यात शरणप्पा मिशीसकट समोरून गेला. तिला दिसला नाही.

शेवटी तिने मोबाइल अप्पांच्या हातात दिला. “तुम्हीच काढा. मी डुलकी लागल्यागत बसते.”

अप्पांचे बोट भलतीकडे लागले आणि कॅमेरा उलटा फिरला. भिंतीला टेकलेले, तोंडात शेंगदाणा घोळवणारे, कशाचीही घाई नसलेले स्वतः अप्पाच त्यात आले. ॲपने तत्काळ हिरवी खूण केली.

दुसऱ्या दिवशी राजशेखर साहेबांनी तिला बोलावले.

“अभिनंदन, मॅडम. जिल्ह्यात तुमची विश्रांती पहिली आली. फक्त तुम्हाला मिशा दिसतायत.”

“साहेब, ते माझे वडील आहेत.”

साहेब गंभीर झाले. “म्हणजे विश्रांती वडिलोपार्जित आहे. तरीच एवढी दर्जेदार!”

प्रस्ताव वर गेला. कर्मचाऱ्यांना विश्रांती जमत नाही हे सिद्ध झालेले आहे, सबब त्यांनी ती किमान पाहावी, असा निर्णय झाला. महालिंगप्पांची ‘आदर्श विश्रांतीपुरुष’ म्हणून नेमणूक होऊन त्यांच्या ओट्यावरून रोज थेट प्रक्षेपण सुरू झाले. पाहणे सक्तीचे, मध्येच उठणाऱ्याची रजा कापायची. ओट्यावर कॅमेऱ्याची तिवई आली, गोल दिवा आला. टरफलांचा आवाज होतो म्हणून शेंगा सोलून मिळू लागल्या. जाणाऱ्यायेणाऱ्यांची निंदा आचारसंहितेत बसेना. तसे रस्त्याने जाणारे कोणी उरलेही नव्हते. परंड्यापासून तामलवाडीपर्यंत जो तो घरात बसून अप्पांचा निवांतपणा पाहत होता.

विश्रांती घरातच उत्पन्न होत असल्यामुळे शिवकांताला मात्र पाहण्यातून सूट मिळाली. कितीतरी काळाने ती रिकाम्या हातांनी ओट्यावर येऊन बसली.

“अप्पा, बोला की काहीतरी.”

“गप बस गं,” ओठ न हलवता अप्पा पुटपुटले. त्यांची नजर पडद्यावरच्या प्रेक्षकांच्या आकड्यावर होती. “माणसं कमी व्हायलीत. तू मधी यायलीस.”

ती बाजूला सरकली. पुन्हा हाक मारली, त्यांच्या गुडघ्याला हात लावला. अप्पांनी गुडघा अलगद सोडवून घेतला. तेव्हा ती आत गेली, मोबाइल घेऊन आली, त्यांच्या शेजारीच बसून प्रेक्षकांत सामील झाली आणि खाली लिहिले, ‘अप्पा, मी शिवकांता. जरा माझ्याकडं बघता का?’

अप्पांचा चेहरा उजळला.

“शिवकांताताई विचारायल्यात,” कॅमेऱ्यात पाहून ते गोड हसले. “बघायलोय की ताई! तुमा सगळ्यांकडंच बघायलोय.”

तिच्या प्रश्नाखाली लाल बदामांची रांग लागली. त्यातला एक तुम्ही पाठवलात, आणि लगेच पुढचे काहीतरी पाहू लागलात.