रिकाम्या फांद्यांचे फोटो

सन दोन हजार दोन. माझं वय चौसष्ट. त्या साली माझ्या व्याह्यांनी एका बुलबुलाला दम दिला. "हलू नको गो बाय, एकच घेतो," एवढंच ते म्हणाले. पण असे म्हणाले, की ओहळापलीकडच्या गुराख्यानं मागं वळून बघितलं. बुलबुल काय, झाडावरचं सगळं बिऱ्हाडच उडालं. व्याह्यांनी तरी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं आणि मला म्हणाले, "आला असंल."

आला असंल, हे त्यांचं पालुपद.

व्याही म्हणजे मुरबाडचे बाळूशेठ. माझी धाकटी लेक त्यांच्या घरात दिली आहे. त्यांची भाताची गिरण. सगळी उमर गिरणीच्या धडधडीत काढली, त्यात कान निम्मे गेले आणि आवाज दुप्पट झाला. लग्नाच्या बोलणीत ते "आमाला काय नको" म्हणाले, तेव्हा माझ्या बायकोला वाटलं सोयरीक मोडली. ती आत जाऊन रडायला बसली.

आमच्या जावयाला हौस फार. डोळखांबच्या अंगाला नवीन रिसॉर्ट झालं होतं, तिथं थंडीत मला आणि व्याह्यांना, आमा दोघा म्हाताऱ्यांना घेऊन गेला. मी आधीच सांगितलं, "आमच्या गावात, शेणव्यात, माझ्या ओटीवरनं हेच रान दिसतं. पैसे देऊन कशाला बघायचं?" पण लेकीपुढं चाललं नाय. बघतो तर सागाच्या रानात नारळाची झाडं ट्रकातून आणून लावलेली. पोहायला निळा हौद. आणि जेवायला नाचणीची भाकरी, तीही कागदात गुंडाळून. वाढणारा मला सांगायला लागला, नाचणी अंगाला कशी चांगली. मी दुसरी शिकलेला माणूस, पण नाचणी मला कोणी शिकवू नये.

विहीणबाई आल्या नव्हत्या. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेलेली, खाटेवरून उठवत नव्हतं. त्यांच्यापाशी आपल्या थोरल्या लेकीला बसवून व्याही आले होते, आणि मला हेच पटत नव्हतं. बायको अशी पडलेली, आणि हा माणूस जावयाचा लांब नळीचा कॅमेरा गळ्यात घालून पाखरांच्या मागं.

त्यातही तऱ्हा. सगळी पाखरं त्यांना बाया. खंड्यालाही "गो बाय". कावळ्याचा फोटो काढायचा नाय. का, तर "कावळा मुरबाडात आहे." चिमणी नाय, साळुंकी नाय, त्याही मुरबाडात आहेत. रिसॉर्टवाल्यांनी पिंजऱ्यात रंगीत पोपट ठेवलेले, सगळी माणसं तिथं गर्दी करून. व्याह्यांनी ढुंकून बघितलं नाय. "हे इथले नायत," म्हणाले. जावई म्हणाला, "दादा, हौदापाशी उभे ऱ्हावा, तुमचा काढतो." तर त्याच्यावरच डाफरले, "रोल संपवतो काय रे?"

दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन कानात बोलले. कानात म्हणजे त्यांच्या हिशेबानं. स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली.

"व्याहीबुवा, तुमच्या माळ्यावर इरलं आहे ना? त्याच्या खाली बसलो तर पाखरांना समजायचं नाय. शेणवं काय लांब नाय. आणू?"

इरलं म्हणजे लावणीच्या पावसात पाठीवर घ्यायचं, बांबूच्या पट्ट्यांचं आणि पानांचं. प्लास्टिक आल्यापासून कोणी घेत नाय. माझं मी स्वतः विणलेलं.

"इरलं लावणीला असतं, फोटोला नाय," मी म्हटलं. "कोरड्या दिवसात इरल्याखाली बसलेले व्याही लोकांनी बघितले, तर माझी पोर कोणत्या घरात दिली म्हणतील?"

"एक तरी मिळायला पाहिजे हो. घरी दाखवायचाय."

"कावळा दाखवा."

निघायच्या दिवशी सकाळी आमी ओहळावर गेलो. खंड्या पाण्यावरच्या फांदीवर बसलेला, निळाजर्द. आणि त्या दिवशी नवल झालं. व्याही बोलले नायत. ओठ घट्ट मिटून, एक गुडघा चिखलात टेकून कॅमेरा धरला. मला मात्र राहवलं नाय. मी हळूच म्हटलं, "विहीणबाई खाटेवर, आणि तुमी इथं चिखलात."

"काय?"

"विहीणबाई खाटेवर आहेत म्हटलं."

त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावं लागलं. खंड्या उडाला. तो तसाही उडालाच असता, माशावर डोळा होता त्याचा. व्याह्यांनी रिकाम्या फांदीवर बटण दाबलं. या खेपेला "आला असंल" म्हणाले नायत.

पुढं आठवड्याभरानं मी लेकीला भेटायला मुरबाडला गेलो. रोल धुऊन आला होता. स्टुडिओवाला म्हणाला होता, "शेठ, झाडांचे फोटो छान आलेत." ते सगळे फोटो खाटेवर पसरलेले. विहीणबाईंना उशीला टेकवून बसवलेलं आणि व्याही एकेक फोटो त्यांच्या डाव्या हातात देत होते. मी दारातच थांबलो.

विहीणबाईंनी एक फोटो डोळ्यांजवळ धरला. नुसता उंबर. एक शेंडा हललेला. जीभ जड झालेली, तरी शब्द कळत होते. "हळद्या. आताच गेला."

"हो ना," व्याही म्हणाले.

"हा आमच्या वाटेवरचा उंबर."

त्यांचं माहेर त्याच रानातला एक पाडा. हे मला माहीत होतं. सगळंच काय एका वेळी डोक्यात असत नाय.

मग ओहळाचा फोटो आला. फांदी आणि पाणी. विहीणबाईंनी तो बराच वेळ बघितला. "खंड्या," म्हणाल्या. आणि तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. "उडवलात ना. तुमीच ओरडलात."

व्याह्यांनी वर बघितलं. दारात मी.

"मीच गो," ते म्हणाले. "दुसरं कोण ओरडणार?"

हे ते इतकं हळू म्हणाले, की मला जेमतेम ऐकू आलं. त्या माणसाला हळू बोलता येतं, हे मला सोयरीक झाल्यापासून पहिल्यांदा समजलं.

मी चहा घेतला, लेकीशी बोललो आणि शेवटच्या एसटीनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून माळ्यावर चढलो. इरलं काढलं, कोळ्याची जाळी झटकली, एक पट्टी सुटली होती ती बांधली, आणि मुरबाडच्या एसटीत बसलो. इरलं सीटवर मावेना, म्हणून पाठीवरच घेतलं. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, पाऊस येतोय काय?"

"तिकीट दे," मी म्हटलं. "मुरबाडचं एक. आणि येताना दोन लागतील, डोळखांबपर्यंत."