मधाचं पोळं आणि धुक्यातला धबधबा

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. गर्द झाडी होती, नितळ पाणी होतं, गार वारा होता. म्हणूनच तिथल्या प्राण्यांना सुट्टी लागली की कधी एकदा बाहेर पडतो असं व्हायचं.

त्यांच्या सोयीसाठी मगरशेठनी नदीत एक भलंमोठं जहाज सोडलं होतं. त्याचं नाव ‘मगरमिठी’. नाव ऐकून कोणी घाबरत नसे, कारण जहाजावर खाणं फुकट होतं. फुकट म्हणजे त्याचं सगळं तिकिटातच वसूल केलेलं होतं. पण तिकीट काढून बरेच दिवस झाले की ते कोणाच्या लक्षात राहतं? हरणं सकाळीच चार तऱ्हेचं गवत चापत आणि मग दिवसभर कठड्याला टेकून ‘जरा जास्तच झालं’ म्हणत बसत. यालाच जलपर्यटन म्हणतात.

तर या जहाजावर रंभाबाई आणि हैबतराव हे अस्वलाचं जोडपं चढलं. हैबतरावांची हैबत फक्त नावात. स्वभावाने गरीब, बोलायला कमी. खर्चाची गोष्ट निघाली की मात्र त्यांची मूठ काही केल्या सुटत नसे.

रंभाबाई जहाजावर आल्या त्या एकाच कारणासाठी. ते कारण म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई, कस्तुराबाई.

कस्तुराबाई गेल्या वर्षी याच जहाजाने जाऊन ‘पांढरी धार’ नावाचा धबधबा पाहून आल्या होत्या. तेव्हापासून जंगलातलं एकही हळदीकुंकू त्या धबधब्याशिवाय पार पडलं नव्हतं. कस्तुराबाई डोळे मिटायच्या, पंजा छातीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “काय सांगू बायांनो, डोंगरानं दूध तापत ठेवलं आणि गप्पा मारत बसला. अगदी तस्सं.”

सगळ्या बायका उसासा टाकायच्या. मग वाण आधी कस्तुराबाईंना, खमंग वाळवीची दुसरी वाटी कस्तुराबाईंना. रंभाबाई कोपऱ्यात. त्यांनी एकदा आपल्या माहेरच्या वारुळाचं वर्णन करून पाहिलं होतं, पण कोणी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

म्हणून रंभाबाईंना तो धबधबा पाहायचाच होता. खरं सांगू का? त्यांना तो जाऊबाईंसारखा पाहायचा नव्हता, जाऊबाईंपेक्षा जास्त पाहायचा होता.

जहाज पांढऱ्या धारेच्या किनाऱ्याला लागायच्या आदल्या संध्याकाळी एक बगळा सगळ्यांसमोर येऊन एका पायावर उभा राहिला. बगळा जहाजाचा वाटाड्या होता, सहलींची तिकिटं तोच विकायचा, आणि दोन्ही कामं अत्यंत सोवळ्या चेहऱ्याने करायचा.

“मंडळी, उद्या किनारसहल,” तो म्हणाला. “धबधबा, मोरांचं नृत्य, जेवण आणि खरेदी. डोईला मधाचं एक अख्खं पोळं फक्त.”

हैबतरावांनी आपल्या नाकाला हात लावला. जहाजावर येण्याआधी त्यांनी जी काही पोळी काढली होती त्यातल्या माश्यांची आठवण नाकावर अजून ताजी होती.

“एक पोळं?” ते म्हणाले. “अगं, धबधबा काय या बगळ्याच्या वडिलांनी बांधलाय? तो डोंगरावरून पडतो. डोंगर किनाऱ्यावर आहे. किनाऱ्यावर उतरायला काही मोजावं लागत नाही. आपलं आपण जाऊ.”

मुलांनो, मोठे झालात की तुमच्या लक्षात येईल, प्रवासात ‘आपलं आपण जाऊ’ असं म्हणणारा एक आणि ते ऐकून तोंड फुगवणारी एक, अशी दोन माणसं लग्नात मुद्दाम एकत्र बांधलेली असतात.

“जरूर जा, साहेब,” बगळा अदबीने म्हणाला. “फक्त एक आहे. भोंगा वाजला की जहाज सुटतं. आमच्या सहलीची मंडळी मागे राहिली तर जहाज थांबतं. आपलं आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. गेल्या खेपेला एक साळिंदर राहून गेलं. फार गुणी होतं.”

“होतं?” रंभाबाईंनी विचारलं.

बगळ्याने नुसते डोळे मिटले.

रंभाबाईंनी तिथल्या तिथे पोळं काढून दिलं. हैबतरावांनी त्या पोळ्याकडे, लेक सासरी जाताना बाप बघतो तसं बघितलं. मग म्हणाले, “बरं. तू तुझी जा, मी माझा जातो. संध्याकाळी बघू कोणाला किती दिसलं ते.”

आणि एका घरातून दोन सहली निघाल्या.

सकाळी बगळ्याने केवड्याचं पान उंच धरलं आणि त्याच्यामागून सगळी मंडळी चालू लागली. ससे, हरणं, एक गवा आणि रंभाबाई. सहल आधी एका दुकानात गेली. ते दुकान बगळ्याच्या मेहुण्याचं होतं. तिथे ‘मी पांढरी धार पाहिली’ असं लिहिलेले शिंपले मिळत. अजून पाहिली नसली तरी सगळ्यांनी घेतले, कारण परतीच्या वाटेवर दुकान बंद असतं असं मेहुणा म्हणाला.

मग मोरांचं नृत्य झालं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी मोर नाचले. ते रोज दोनदा नाचत. त्यातला एक नाचता नाचता जांभई देत होता, पण पिसाऱ्यामुळे ती नीट दिसली नाही.

मग जेवण. जेवणानंतर सावलीत थोडं पडणं. थोडं म्हणता म्हणता उन्हं कलली. रंभाबाईंनी बगळ्याला गाठलं. “अहो बगळेदादा, धबधबा?”

“निघालोच,” बगळा म्हणाला.

ते एका कड्यावर येऊन उभे राहिले. समोर धुकं होतं. खाली धुकं, वर धुकं. धुक्याच्या आतून घरघर असा आवाज येत होता, इतकंच.

“ही पांढरी धार,” बगळा म्हणाला.

सगळे बघत राहिले. ते पांढरं होतं यात शंका नव्हती.

“धुकं कधी हटतं?” रंभाबाईंनी विचारलं.

“हटतं की. रोज सकाळी हटतं.”

“मग आपण सकाळी का नाही आलो?”

“सकाळी खरेदी असते, बाई.”

“आणि गेल्या वर्षी?”

“गेल्या वर्षीही खरेदी सकाळीच होती.”

रंभाबाईंचा आवाज कापरा झाला. “मग लोक घरी जाऊन सांगतात तरी काय?”

बगळा प्रथमच दोन्ही पायांवर उभा राहिला. “घाबरू नका. ते पोळ्यातच धरलेलं आहे. मंडळी, आता माझ्यामागून म्हणायचं. डोंगरानं दूध तापत ठेवलं...”

“डोंगरानं दूध तापत ठेवलं,” सगळे शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणाले.

“आणि गप्पा मारत बसला.”

“आणि गप्पा मारत बसला.”

सशांना पहिल्या फटक्यात पाठ झालं. गवा सारखा दुधाऐवजी दही म्हणत होता, त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

रंभाबाईंचा वासलेला आ मिटेना. आधी त्यांना राग आला. मग एका पोळ्याचं दुःख झालं. मग डोळ्यांसमोर कस्तुराबाई आल्या, छातीवर पंजा, मिटलेले डोळे. आणि मुलांनो, रंभाबाईंना जे हसू फुटलं ते त्या खाली उतरेपर्यंत थांबलं नाही. वर्षभराचं ओझं होतं ते. कोपऱ्यात बसून बसून साठलेलं.

जहाजावर परतल्यावर मात्र हसू मावळलं. हैबतराव आले नव्हते.

भोंगा वाजला. फळी ओढली गेली. रंभाबाई कठड्याला घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्यांना साळिंदर आठवलं. आपण फुगून बसलो नसतो तर, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात किनाऱ्यावरची झाडी हलली आणि एक काळा गोळा नदीत पडला. हैबतराव पोहत आले, दोराला लोंबकळत वर चढले आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवत उभे राहिले.

“कुठे होतात?” रंभाबाईंनी त्यांना कोरडं करता करता विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढेना.

“धबधब्याशी,” हैबतराव म्हणाले. “पहाटेच गेलो. पाऊलवाट आहे एक. पाणी तांबडं आहे गं, मातीचं. आवाज एवढा की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. धारेच्या मागे कपार आहे. तिथे उभं राहिलं की पाण्यातून पलीकडचं अख्खं जंगल थरथरताना दिसतं. तुला हे दाखवायला हवं होतं, असं म्हणत तिथेच बसून राहिलो. म्हणून उशीर झाला.”

रंभाबाई पुसतच राहिल्या. त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटलं. आणि नवरा फार आवडला. दोन्ही एकदमच झालं.

जेवताना गप्पा रंगल्या. जो तो दुधाचं सांगत होता. हैबतरावांना राहवलं नाही. “दूध कुठलं? तांबडं पाणी आहे. फार तर चहा म्हणा.”

सगळं टेबल हसलं. “साहेब, तुम्ही भलतीकडेच जाऊन आलात,” हरणं म्हणाली.

“फुकटात असंच काहीतरी दिसणार,” गवा म्हणाला. “आम्ही स्वतः पाहिलंय. दही... दूध होतं.”

“हिला विचारा,” हैबतराव म्हणाले. “ही खोटं बोलणार नाही.”

सगळ्यांनी रंभाबाईंकडे पाहिलं. रंभाबाईंनी नवऱ्याच्या सुजऱ्या नाकाकडे पाहिलं. ते नाक खरं बोलतंय हे त्यांना ठाऊक होतं. पण पोळंही गेलेलं होतं, आणि घरी हळदीकुंकू वाट बघत होतं.

“पांढरं होतं,” त्या ताटात बघत म्हणाल्या. हे मात्र खोटं नव्हतं.

हैबतरावांनी आणखी वाढून घेतलं. हसला नाही तो फक्त बगळा. तो एका पायावर उभा राहून सगळं नीट ऐकत होता.

घरी आल्यावर हळदीकुंकू झालं. बायकांनी विचारलं. रंभाबाईंनी डोळे मिटले, पंजा छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, “काय सांगू बायांनो, डोंगरानं दूध तापत ठेवलं आणि गप्पा मारत बसला. अन् वर साय, हे एवढी जाड.”

सायीचं कोणी आजवर ऐकलं नव्हतं. बायका थक्क झाल्या. कस्तुराबाईंनी धाकट्या जावेकडे टक लावून पाहिलं. मग उठून तिला बाजूला घेऊन गेल्या.

“धुकं?” त्यांनी हळूच विचारलं.

“धुकं,” रंभाबाई म्हणाल्या.

“वर्षभर माझ्या पोटात होतं गं,” कस्तुराबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या. त्या दिवसापासून दोघी जावा अशा एक झाल्या की बाकीच्या बायका त्यांच्यावर जळू लागल्या. वाळवीच्या दोन वाट्या आता दोघींत जायच्या.

पुढच्या वर्षी मगरशेठनी नवी सहल काढली. ‘कपारीतून पांढरी धार. मोजक्याच रसिकांसाठी.’ भाडं मधाच्या पोळ्यांची जोडी. पाणी तांबडं असल्याचं आणि जंगल थरथरताना दिसत असल्याचं बगळ्याने स्वतः सांगितलं. आता मात्र ते सगळ्यांना लगेच पटलं. हैबतराव म्हणाले, हे तर मी आधीच सांगितलं होतं. त्यावर लोक म्हणाले की साहेबांनी जहाजवाल्यांची कल्पना चोरली.

पाऊलवाटेच्या तोंडाशी दोर बांधला होता. आपलं आपण जायला बंदी होती. हैबतराव जहाजावरच राहिले आणि भाडं भरायचं नाही म्हणजे नाही असं ठरवून सावलीत झोपले. दोन्ही जावा मात्र पोळी मोजून देऊन निघाल्या.

या वेळी सकाळी नेलं. धुकं नव्हतं. दोघी कपारीत उभ्या राहिल्या. समोरून तांबडं पाणी कोसळत होतं. आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. पाण्याच्या पलीकडे अख्खं जंगल थरथरत होतं. अगदी हैबतरावांनी सांगितलं होतं तसंच, रेसभरही फरक नाही.

दोघी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

मग बाहेर आल्यावर कस्तुराबाईंनी अंगावरचं पाणी झटकलं. “बरा आहे,” त्या म्हणाल्या. “पण आपण पाहिला तो जास्त पांढरा होता.”

रंभाबाईंनी वळून पुन्हा एकदा धबधब्याकडे पाहिलं.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “याला साय नाही.”

तात्पर्य : किनारसहल महाग असते हे खरं, पण ती घ्यावीच. आपलं आपण गेलं तर नुसता धबधबा दिसतो.