पिवळ्या भाताची तपासणी

शालिकभाऊंना कोणी पाणी दिलं की ते आधी त्यात कागद बुडवतात, मग पितात. खिशात पेनाच्या शेजारी लिटमस कागदाच्या दोन इवल्या वह्या, एक लाल, एक निळी. नव्या सोयऱ्याला वाटतं, बुढ्याला विषाचा संशय आहे. तसं काही नाही. गोंदियाजवळच्या कुडवा गावातले हे आमचे शेजारी. गोंदियाच्या एका कॉलेजात अख्खी नोकरी प्रयोगशाळेच्या काचनळ्या धुण्यात गेली. कॉलेज सुटलं, कागद सुटला नाही.

"काऊन भाऊ, पाण्यावर भरोसा नाही का?" असं विचारलं की तुम्ही फसलात.

"वहिनी, पाण्यात काय विरघळलं ते डोळ्याले दिसत नाही. मीठ बिचारं सरळ. कितीही टाका, पाणी खारट होईन, पण कागदाचा रंग हालत नाही. तुरटी टाका, पाणी आंबट, निळा कागद लाल. सोडा टाका, लाल कागद निळा. तिघंही क्षारच, पण स्वभाव अलग अलग."

माणसंही ते याच तीन डब्यांत भरतात. माझा नवरा मीठ. त्यांचा स्वतःचा साळा तुरटी. मी कोण, हे मी कधी विचारलं नाही. मला ठाऊक आहे.

एकदा बाजारात त्यांनी पाणीपुरीवाल्याच्या मटक्यात निळा कागद बुडवला. लाल निघाला. "चाचा, इमली है, जहर नहीं!" तो ओरडला. "मालूम है, मैं सिर्फ देख रहा हूँ," असं म्हणून भाऊ वर सहा पुऱ्या खाऊन आले.

आता खरी गोष्ट. ती माझ्याच अंगावर येते, पण सांगते.

आमच्याकडे भात पांढरा आणि मोकळा झाला नाही तर बाईची अब्रू जाते. माझ्या भाताला पंगतीत नाव आहे, खोटं कशाला बोलू! मागच्या उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालं. सून पल्लवी, तिरोड्याची. पाहुण्यांना पाणी पुरावं म्हणून अंगणात नवी बोरिंग मारली आणि पुढे सगळा स्वयंपाक त्याच पाण्यावर. म्हणजे सून आणि पाणी एकाच महिन्यात घरात आले. रांधणं मी सुनेकडे सोपवलं आणि भात व्हायला लागला पिवळा, वर चिकट, गिचका.

मी म्हटलं, ही गॅस वाचवायला खायचा सोडा टाकते.

"नाही टाकत, आई."

"मग हळदीचे हात धूत नसशील!"

महिनाभर हेच. एक दिवस मी पाहुण्यांच्या देखत बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं बॅग भरून दारात ठेवली. मुलगा खाली मान घालून गाडी पुसत होता. ही आता गेली तर परत यायची नाही, हे मला कळत होतं. पण माघार घेईन ती मी कसली!

तेवढ्यात कुंपणापलीकडून भाऊ म्हणाले, "जाचं तं जा, पोरी. पण आधी मले पाणी पाहू दे."

त्यांनी बोरिंगच्या पाण्यात लाल कागद बुडवला. नुसता जांभळट झाला.

"पाहा, पाणी चांगलं आहे!" मी म्हटलं.

"घाई कायले करून राहिल्या, वहिनी? भात का थंड्या पाण्यात शिजते?"

त्यांनी गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी खळखळ उकळवलं, निवू दिलं आणि पुन्हा कागद बुडवला. निळा!

"खोलच्या दगडातला सोडा यात विरघळून आहे. उकळलं का त्यातला वायू उडते अन् सोडा जोर धरते. अशा पाण्यात भात पिवळाच होते. आता तुम्ही रांधा."

"मी?"

"हो. तुमच्या हातचाच पाह्यचा आहे."

एका गंजात मी रांधला. दुसऱ्यात पल्लवीनं, तेच तांदूळ, तेच पाणी, फक्त सोड्याचा जोर मोडायला भाऊंनी तिला थोडं निंबू पिळायला लावलं. तिचा भात पांढरा झाला. मी माझ्या गंजावरचं झाकण काढलं. अगं बाई! पिवळा. माझ्या हातचा!

पल्लवी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

विषय बदलायला मी विचारलं, "भाऊ, पुरुषमाणसाला भाताचं एवढं कसं कळलं?"

"कमलाचा भात पिवळा होत होता," ते म्हणाले. कमला म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथं राहायला यायच्या आधीच वारली. "रोज बोलो मी तिले. ताट सरकवून उठो. दिवसभर कॉलेजात कागद बुडवो, घरच्या पाण्यात एकदा नाही बुडवलो. ती गेल्यावर पहिल्यांदा मी भात रांधलो. पिवळा झाला. मंग बुडवलो." निळा झालेला कागद त्यांनी खिशात ठेवला. "तिले सांगाचं राहून गेलं, वहिनी. तुमची तं पुढ्यात उभी आहे."

जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं, "चुकलं माझं, पोरी."

पल्लवीनं दारातली बॅग उचलून आत नेली आणि भाऊंसाठी ताट घेऊन आली. पांढरा भात वाढायला लागली, तसा भाऊंनी ताटावर हात धरला.

"नाही, पोरी. मले तो दुसरा वाढ."

आणि तो पिवळा, गिचका भात त्यांनी शीत न् शीत वेचून खाल्ला.