तुळसाबाईंनी दवाखान्याचे दार अडविले त्याची कैफियत

प्रथम नमन धन्वंतरीस, दुसरे गावच्या मारुतीस, आणि तिसरे एका लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीस, जिचा महिमा यथावकाश येईल. वाशीमकडील मालेगाव तालुक्यात, किन्हीराजाच्या अलीकडे मौजे टेंभरखेड म्हणोन गाव आहे. तेथील लोकरुग्णालयाच्या कारभाराचा करार नवा करण्याचे समयी रयतेने काय मसलत केली, फौज कैसी फसली आणि किल्ला कोणी राखिला, हे यथास्थित लिहावे ऐसी राजमान्य राजेश्री दौलतरावांची आज्ञा जाहली. आपला पराक्रम अंमळ वाढवोन लिहावा, ऐसीही आज्ञा त्यांनी कानात केली. त्यास आम्ही अर्ज केला की जे घडले तेच लिहू, पुढे तुमचे नशीब. दौलतराव मनी खट्टू जाहले, परंतु चहा पाजिला.

हकीकत ऐसी की, हा दवाखाना पूर्वी गावकऱ्यांनी श्रमदान करोन, घमेली वाहोन उभारिला. मालकी गावच्या विश्वस्त मंडळाची, परंतु कारभार हाकण्याचा करार शहराकडील एका कंपनीस दिला होता. कंपनीचे वतीने भागवतसाहेब नामे तरुण सुभेदार येत. अंगी इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बगलेत लॅपटॉप, ऐसा त्यांचा सरंजाम असे. मनुष्य गोड, परंतु गावात कोणास काही पुसण्याची त्यांस सवय नव्हती. कराराची मुदत सरत आली आणि कंपनीने नवा मसुदा धाडिला. त्यात ऐसे कलम निघाले की संध्याकाळी पाच वाजता बाळंतपणाच्या खोलीस कुलूप पडेल, त्यानंतर जिला कळा येतील तिने वाशीम गाठावे.

हे वर्तमान तुळसाबाईंचे कानी आले तेव्हा त्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधीत होत्या. तुळसाबाई म्हणजे दौलतरावांचे कुटुंब, मालेगावच्या बाजारात भाजीचे ठाणे मांडोन बसणाऱ्या नामांकित सरदार, देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून भरभक्कम. त्यांची कन्या राधिका पहिल्या बाळंतपणास माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते. कलम ऐकताच बाईंच्या हातातली जुडी सुटली.

"अव माय!" त्या गरजल्या. "लेकरू का घड्याळ पाहून येते? पाच वाजले, आता उद्या येतो, असं म्हणते का थे?"

गरजल्या खऱ्या, परंतु मनातून भ्याल्या होत्या. त्यांचा थोरला पवन हा दवाखाना होण्याआधीचा. तो वाशीमच्या वाटेवर, भाड्याच्या जीपगाडीत, कांद्याच्या पोत्यांचे आड जन्मला होता. त्या वेळचे हिसके, तो अंधार आणि 'आता काही आपण वाचत नाही' हा विचार बाई आजवर विसरल्या नव्हत्या, आणि तेच आपल्या पोरीच्या वाट्यास यावे हे त्यांस बिलकुल कबूल नव्हते.

मंडळाच्या घटनेत ऐसा कायदा होता की करार फिरविणे तर रहिवाशांशी मसलत करावी, आणि बैठकीस हजर असलेल्या रहिवाशाची सही कागदावर घ्यावी. मंडळाचे चिटणीस जानराव, एसटीतून निवृत्त जाहलेले कंडक्टर, कायद्याचे मोठे पक्के. त्यांनी बैठकीचे फर्मान काढिले. तात्काळ दौलतरावांनी कोणी न देता सरसेनापतीपद धारण केले आणि पाण्याच्या टाकीखाली खलबत भरविले. गाव सारे माळवे पिकविणारे आणि विकणारे, त्यामुळे जगातील हरएक व्यवहार बाजारासारखाच होतो ऐसी त्यांची निष्ठा होती. दौलतरावांनी मसलत सांगितली की, आपण आपला भाव सांगावा, साहेब नाही म्हणतील, मग आपण उठावे आणि पाठ फिरवोन चालू लागावे. चार पावले जात नाही तो साहेब मागून हाक मारतील आणि म्हणतील, घेऊन जा. ही मसलत सर्वांस पसंत पडली, कारण वांग्यांच्या बाबतीत ती कधी चुकली नव्हती. तुळसाबाईंनी शंका काढली की साहेबाने हाक नाही मारली तर? त्यावर सरसेनापतींनी हुकूम केला की बायकांनी अपशकुन करू नये.

बैठकीचा दिवस उगवला. दवाखान्याच्या मागील अंगास एक खोली, तिला दार एकच, खिडकीस गज. तुळसाबाईंस सतरंजीवर बसण्याची सवय. परंतु दौलतरावांनी ताकीद दिली की बरोबरीने बोलणे तर बरोबरीने बसणे, सबब खुर्चीच घ्यावी. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, हात असलेल्या आणि कंपनीच्या मनासारख्या अरुंद. बाईंनी श्वास रोखोन देह आत लोटिला आणि खुर्चीने त्यांस घट्ट मिठी मारिली. भागवतसाहेबांनी मसुदा वाचिला. पंखा करकरत होता. मग दौलतराव उठले आणि बोलिले, "चोवीस घंटे दार उघडं पायजे. दुसरी गोष्ट नाई."

साहेबांनी नम्रपणे सांगितले की हे शक्य नाही.

"पाहा बरं. पुन्हा म्हणान सांगतलं नाई."

साहेबांनी पुन्हा सांगितले की शक्य नाही. तेव्हा दौलतरावांनी दुपट्टा खांद्यावर झटकला, "राह्यलं मंग!" ऐसी गर्जना केली, आणि एकजात सारी फौज उठोन दाराबाहेर निघाली.

आता पुढील भाग लिहिताना लेखणी लाजते. फौज चार पावले गेली, हाक आली नाही. आठ पावले गेली, हाक आली नाही. मग फौजेने वेग कमी केला. कोणी चपलेचा पट्टा ठीक करू लागला, कोणी उगाच दवाखान्याच्या भिंतीवरील लसीकरणाचे चित्र मोठ्या गोडीने पाहू लागला, कोणी खोकला. दौलतराव मागे न पाहता पुसत, "मारली का हाक?" आणि मागचा म्हणे, "अजून नाई, पण मारतेच आता." ऐसे करीत करीत सारे बसथांब्यापर्यंत पोचले, तेथे परतण्यास तोंड उरले नाही, म्हणोन चहा मागवोन बसले. आणि आत भागवतसाहेब मोठ्या समाधानाने टंकीत होते की रहिवाशांनी मसुदा ऐकिला व हरकत न घेता ते निघोन गेले.

परंतु एक रहिवासी गेली नव्हती. फौज निघाली तेव्हा तुळसाबाईही उठल्या, तो काय, खुर्चीही उठली! बाईंनी कंबर हलविली, खुर्ची हलली. बाई दाराकडे चालल्या, खुर्ची चालली. उंबऱ्यात येताच आधी खुर्ची बाहेर काढावी म्हणोन बाई पाठमोऱ्या वळल्या, तो तिचे पाय चौकटीत तिरपे बसले आणि पुढे ना मागे ऐसी गत जाहली. बाईंस घाम फुटला. दौलतरावांस कळले तर ते मरेपर्यंत हसतील, आणि बाजारात तर गाजराच्या भावाआधी हीच बातमी निघेल, हे त्यांचे डोळ्यांसमोर दिसले. म्हणोन त्या होत्या तेथेच, आत तोंड करोन, पदर सारखा करोन बसल्या, जणू हेच ठरले होते.

साहेबांनी लॅपटॉप मिटविला आणि निघाले, तो दारात बाई.

"मावशी, जरा बाजूला होता का?"

"नाई," ऐसे बाई बोलिल्या, आणि ते खरेच होते.

साहेबांस वाटले की हा सत्याग्रह आहे. त्यांनी जानरावांकडे पाहिले. जानरावांची उमर एसटीच्या दारात अडकलेली माणसे मोकळी करण्यात गेली होती, तेव्हा त्यांनी एका नजरेत प्रकरण ओळखिले. परंतु त्यांनी ते उघड केले नाही. उलट गंभीर मुद्रेने त्यांनी कायदा सांगितला की बैठक संपलेली नाही, एक रहिवासी हजर आहेत, आणि आता सही तेवढी यांचीच चालेल. ऐसे एका क्षणात साऱ्या मुलखाचा अखत्यार तुळसाबाईंचे हाती आला. जानरावांनी मिशीत हसू दाबिले ते बाईंनी पाहिले, आणि यास ठाऊक आहे हे जाणोन त्या मनात म्हणाल्या, भाऊ, पांग फेडीन तुमचे.

"वाचा," बाईंनी फर्माविले.

साहेब वाचू लागले. बाई हरएक कलम टोपलीतील वांग्यासारखे उलटसुलट करोन पाहत. हे चालते, हे असू द्या, ऐसे म्हणत बाळंतपणाच्या खोलीचे कलम आले.

"हे किडकं हाये. बाजूले ठेवा."

"मावशी, कलम किडकं नसतं."

"तुमाले दिसत नाई. तुमी विकून राह्यले ना."

साहेबांनी संध्याकाळचे सात देऊ केले. बाई हसल्या. नऊ देऊ केले. बाईंनी तोंड फिरवोन गजाबाहेर पाहिले, बाजारात भाव न पटल्यावर पाहतात तैसे. दुपार टळली. साहेबांचा डबा बाहेर मोटारीत, मोटार दाराबाहेर, आणि दारात बाई. ऐसी सुभेदारांची रसद तुटली. बाईंनी कमरेच्या बटव्यातून फुटाणे काढिले, जानरावांस दिले, आपण खाल्ले, आणि साहेबांचे तोंड उतरलेले पाहोन त्यांसही ओंजळभर दिले. शत्रूस उपाशी ठेवावे हे त्यांस जमेना.

फुटाण्यांनी साहेबांचा जीव थाऱ्यावर आला, आणि त्यांचे तोंडून खरी गोष्ट निघाली. "मावशी, मलाही दार बंद करायची हौस नाही हो. पण सिस्टर इथे रात्री थांबायला तयार होत नाहीत. संध्याकाळची बस गेली की परत जायला साधन नाही, आणि राहायला गावात खोली नाही. मी तरी काय करू?"

बाई थक्क जाहल्या. "बाप्पा! एवढंच? मंग हे पयलेच काहून नाई सांगतलं?"

"कोणी विचारलं नाही."

"तुमी तरी कोनाले इचारलं?"

यावर साहेबांनी उरलेले फुटाणे तोंडात टाकिले. आणि जानराव घसा खाकरोन बोलिले की त्यांच्या घराची वरची खोली पुत्र संघपाल नोकरीस पुण्यास गेल्यापासोन रिकामी आहे, परंतु तो मुलूख त्यांच्या हुकमतीत नाही, वरून मंजुरी लागेल. तात्काळ त्यांच्या कुटुंबास, विमलबाईंस, फोन लागला. पलीकडून आज्ञा आली ती सर्वांनी ऐकली, कारण विमलबाई फोनवर आसपासच्या चार घरांस ऐकू जाईल ऐशाच बोलतात.

"येऊ द्या ना पोरीले! घर खायले उठते मले. पण तिले सांगजा, दूध झाकून ठेवत जाय, मांजर लय वांड हाये."

मग तह ठरला. सिस्टरबाईंनी गावातच राहावे, डॉक्टरांस बोलाविताच त्यांनी यावे, बाळंतपणाच्या खोलीस कुलूप कधीही पडू नये, ऐसे कलम लिहिले. साहेबांनी सुटलो म्हणोन लेखणी पुढे केली. परंतु ज्यांनी उभ्या जन्मात मेथीवर कोथिंबीर मागितल्याशिवाय घेणारा पाहिला नाही, त्या बाई ऐशा कशा सोडतील?

"अन् वरून?"

"वरून काय?"

"वरून काई तं टाका."

साहेबांनी हात जोडिले. तेव्हा दर महिन्याच्या कारभाराच्या बैठकीत गावच्या दोन बायांनी बसावे व त्यांस पुसल्याविना काही फिरवू नये, हे एक, आणि बाळंतिणीच्या संगतीस येणाऱ्या बायांस बसण्यास व्हरांड्यात बाक द्यावा, हे दुसरे, ऐसे वरून पडले. बाईंनी मांडीवर कागद ठेवोन सही केली. साहेबांनी केली. जानरावांनी साक्ष घातली.

"आता तरी दार सोडा, मावशी," साहेब काकुळतीस आले.

आता मात्र बाई लाजल्या. जानरावांनी खुर्ची धरिली, साहेबांनी बाईंचे हात धरिले, दोहोंनी मिळोन जोर केला, आणि कडकन आवाज होऊन खुर्चीचा एक हात कामी आला. बाई मोकळ्या जाहल्या. साहेब आ वासोन पाहत राहिले.

"म्हणजे तुम्ही अडकला होतात?"

तुळसाबाईंनी पदर झटकिला. "मी कायले अडकू? तुमीच अडकले होते."

इतक्यात चहा संपला म्हणोन फौज परतली. दौलतराव मान खाली घालोन आत आले, तो तह जाहलेला. त्यांनी कागद पाहिला, कुटुंबाकडे पाहिले, मोडकी खुर्ची पाहिली, आणि गावास जाहीर केले की माघार हा केवळ डाव होता, खरी तोफ आपण मुद्दाम मागे ठेविली होती. तुळसाबाई यावर त्यांस इतकेच बोलिल्या की घरी चला, मग सांगते. तो संवाद या कैफियतीत नोंदविण्याची दौलतरावांची मर्जी नाही.

पुढे थोडक्याच दिवसांनी, घरोघरी दिवे लागले असता, राधिकेस कळा सुरू जाहल्या. तुळसाबाई लेकीस धरोन निघाल्या. कागद काय, कागदच. खोलीस कुलूप असेल तर? ऐसे त्यांचे मनात घोळत होते, आणि भागवतसाहेबांच्या सात पिढ्यांस देण्याजोग्या शिव्या त्यांनी वाटेतच जुळवोन तयार ठेविल्या होत्या. वळण घेतले, तो समोर खोलीत उजेड, दार सताड उघडे, आणि सिस्टरबाई हात पुसत पायरी उतरोन येत होत्या. "या मावशी, सावकाश," ऐसे त्या म्हणाल्या. एवढ्या वेढ्यात ज्यांच्या डोळ्यांस पाणी आले नाही त्या तुळसाबाई, उघडे दार पाहोन, लेकीस त्यांचे हाती देऊन, पायरीवर बसोन मोठ्याने रडल्या. त्या रात्री राधिकेस कन्यारत्न जाहले. माय-लेकरू दोन्ही खुशाल.

येणेप्रमाणे मौजे टेंभरखेडच्या रयतेने दवाखान्याच्या कराराची मोहीम फत्ते केली. कलम कायम जाहले, कुलूप मोडीत निघाले, फौजेपैकी कोणी जखमी नाही. जानरावांनी ताळा पाहोन सही घातली, दौलतरावांनी नाखुशीने घातली, आणि तुळसाबाईंनी, नातीस मांडीवर घेतले असल्याकारणे हात मोकळा नाही, सबब नुसती मान हलविली, ती मंजूर धरिली आहे.